बागेचं कुंपण करून घेताना: ठेकेदाराला बोलावण्याआधी आणि बोलावल्यावर

आमच्या दापोलीजवळच्या 10 गुंठ्यांच्या बागेला पहिलं कुंपण घातलं, तेव्हा ठेकेदाराला मी एकच प्रश्न विचारला होता: "फुटाला काय घ्याल?" त्याने दर सांगितला, मी थोडी घासाघीस केली आणि आठवड्यात काम उरकलं. दुसऱ्या पावसाळ्यात एका कोपऱ्याचा खांब आत कलला. त्याच्या ओढीने शेजारचे दोन खांब गेले, जाळीला झोळ पडला आणि एका सकाळी गावातल्या चार गायी नुकत्याच लावलेल्या सुपारीच्या रोपांत उभ्या दिसल्या. खांब उपटून पाहिला, तर तो जमिनीत जेमतेम एक फूट होता. खाली जांभा दगड लागला, पहार उडायला लागली आणि खड्डा तिथेच थांबवला गेला. वरून सिमेंटचा हात फिरवलेला असल्यामुळे आम्हाला पत्ताही लागला नव्हता.

दुसऱ्यांदा काम केलं ते दुसऱ्या माणसाकडून, आणि आधी महिनाभर माहिती घेऊन. ते कुंपण अजून ताठ उभं आहे. नुकतीच जागा घेतलेल्या किंवा वडिलोपार्जित जागेचं मोडकं कुंपण पहिल्यांदाच स्वतः करून घ्यायला निघालेल्या माणसाला उपयोग व्हावा, म्हणून सगळा क्रम इथे लिहून ठेवते आहे. उदाहरणं कोकणातली आहेत. देशावर माती वेगळी, पण बाकी बहुतेक गोष्टी त्याच.

पहिलं काम: हद्द

ठेकेदाराला फोन करायच्या आधी हे काम करायचं. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, पण जमिनीवरची रेषा त्यातून कळत नाही. "त्या रायवळ आंब्यापासून खालच्या माडापर्यंत आपलं" असं आजोबांनी सांगितलेलं असतं, आणि दरम्यान आंबा पडलेला असतो. थोडी जरी शंका असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडून 'हद्द कायम' मोजणी करून घ्या. अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन होतो. सातबारा आणि लगतच्या कब्जेदारांची नावं-पत्ते द्यावे लागतात, कारण त्यांना नोटिसा जातात. किती लवकर हवी आहे त्यावर फी ठरते. भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर कुंपण घालायचं असेल तर अर्ज पावसाळ्यातच करून ठेवा.

मोजणीच्या दिवशी आपण हजर राहायचंच, पण शेजाऱ्यांनाही आग्रहाने बोलवायचं. मी आमच्या शेजारच्या भाऊंना आदल्या संध्याकाळी जाऊन सांगितलं, "भाऊ, उद्या मोजणीवाले येतायत. तुम्ही उभे राहा, म्हणजे उद्या काही बोलायला नको." ते आले आणि एका खुणेचा दगड त्यांनी स्वतः रोवला. त्या दगडावरून आजवर एक शब्द झालेला नाही. प्रत्येक खुणेवर दगड पुरून चुना टाका आणि फोटो काढून ठेवा. नुसत्या काठ्या महिन्याभरात कुणीतरी चुलीला नेतं.

जुनी पायवाट किंवा वहिवाट असेल तर ती बुजवू नका. बांधावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निर्णय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार देतात, आणि चालू रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तो खुला करून घेता येतो. म्हणजे घातलेलं कुंपण तोडावं लागू शकतं. पावसाळी पाण्याचंही तसंच. पऱ्या किंवा व्हाळ, म्हणजे ओढा, जिथून वाहतो तिथे जाळी आडवी ठोकली की पालापाचोळा अडकतो, बंधारा होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात खांबांसकट सगळं वाहून जातं. तेवढ्या टप्प्यात उचलता येणारं फाटक किंवा सुट्टी टांगलेली जाळी ठेवायला सांगा.

नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत बंगल्याभोवती पक्की भिंत घालणार असाल तर आधी बांधकाम विभागात विचारा. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याच्या बाजूच्या कंपाउंड वॉलची उंची साधारण 1.5 मीटर ठरवलेली आहे. वरचा भाग जाळीचा किंवा गजांचा, आरपार दिसणारा ठेवला तर 2.4 मीटरपर्यंत जाता येतं. कोपऱ्याच्या प्लॉटला वळणावरच्या गाड्या दिसाव्यात म्हणून मर्यादा आणखी कडक असते.

दुरुस्ती पुरेल की सगळं नवं?

हे ठेकेदाराला विचारू नका, आधी स्वतः फेरी मारा. हातात कागद घ्या आणि प्रत्येक खांब खांद्याच्या उंचीवर धरून हलवा. हलला की फुली.

लोखंडी अँगल, म्हणजे एल आकाराचा खांब, बहुतेक वेळा जमिनीच्या रेषेवर कुजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरून रंग छान दिसतो आणि बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचला की पापुद्रे निघतात. सिमेंटच्या खांबाला उभ्या भेगा गेल्या असतील आणि आतली सळी दिसत असेल, तर त्याचे दिवस भरले. गंजलेली सळी फुगते आणि सिमेंट फोडत जाते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हे लवकर होतं. जाळीवर पांढरी पावडर दिसली तर तो जस्ताचा थर झिजतोय, अजून काही वर्षं निघतील. सगळीकडे तांबूस गंज आला असेल तर तार वाकवून पाहा. कटकन तुटली तर जाळी गेली.

फुल्या दहात एक-दोन असतील आणि कोपरे भक्कम असतील तर दुरुस्तीच करा. जुन्या खांबाला लागून नवा खांब रोवायचा, जाळी त्याला बांधायची आणि मग जुना कापायचा. असं केलं की जाळी सोडावी लागत नाही. फुल्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेल्या, किंवा कोपरेच गेले, तर डागडुजीत पैसे घालू नका. मी पहिल्या कुंपणावर एक पावसाळा तसे घातले, आणि ते सगळे वाया गेले.

कुणाला अडवायचंय?

मोकाट गुरांसाठी काटेरी तारेचे पाच-सहा पदर पुरतात. कुत्री, शेळ्या, कोंबड्या यांच्यासाठी जाळी लागते. शेळी काटेरी तारेतून सहज निघते. रानडुक्कर वरून येत नाही, तो खालून मुसंडी मारतो. त्यामुळे त्याच्यासाठी जाळीचा खालचा सहा इंच भाग जमिनीत गाडणं किंवा बुडाला दगडांची रांग दाबून बसवणं महत्त्वाचं. गवा मनात आणलं तर कुंपण मोडूनच जातो. आणि वानर-माकडांना कुठलंही साधं कुंपण थांबवत नाही. माकडं थांबतील असं सांगून कुणी वर लावायच्या काटेरी कॉइलचे पैसे लावत असेल तर ते देऊ नका.

सौर झटका यंत्र हा वेगळा विषय आहे, आणि तो अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावा. त्यात साधारण सेकंदाला एक असा अगदी क्षणभराचा झटका असतो, जो हाकलतो पण मारत नाही. त्याच्याऐवजी घरातली वीज थेट तारेत सोडून देणारे महाभाग गावोगाव भेटतात. कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी त्याला फाटकाबाहेर काढा. अशा तारेला चिकटून माणसं, गुरं, बिबटे मेल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत, आणि तो गुन्हा आहे.

आपलं माप आपण काढा

कुंपणाचा हिशेब रनिंग फुटावर, म्हणजे परिघावर होतो, गुंठ्यांवर नाही. एक गुंठा 1089 चौरस फूट, म्हणजे 33 बाय 33 फूट. आमच्यासारखी 10 गुंठ्यांची जागा जवळपास चौरस असेल तर परीघ सुमारे 417 फूट भरतो. तेवढीच जागा 50 फूट रुंदीची लांबट पट्टी असेल तर परीघ 536 फुटांच्या आसपास जातो. म्हणून "10 गुंठ्यांना किती येईल?" या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि पाहणी न करता फोनवर उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

लांब टेप घेऊन दोघांनी खुणेपासून खुणेपर्यंत मोजा, चढउतारावर जमिनीला धरून. कागदावर कच्चा नकाशा काढा, प्रत्येक बाजूची लांबी लिहा, फाटक कुठे ते दाखवा. फाटक 12 फुटांचं ठेवा. आज लागत नसलं तरी उद्या पाण्याचा टँकर किंवा खताचा ट्रक आत घ्यायचा असतो. आमच्याकडच्या जुन्या बेड्याला, म्हणजे फाटकाला, तेवढी रुंदी नव्हती, म्हणून विहिरीचं सामान बाहेरून डोक्यावर आणावं लागलं होतं.

जाळी आणि खांब: इथे थोडा वेळ द्या

दुकानात किंवा ठेकेदाराशी बोलताना जो शब्द सगळ्यात जास्त फसवतो तो 'गेज'. आकडा वाढला की तार बारीक होते. 8 गेजची तार सुमारे 4 मिलिमीटर, 10 गेजची 3.25, 12 गेजची 2.64 आणि 14 गेजची 2 मिलिमीटरच्या जवळ. डोळ्यांना 10 आणि 12 मधला फरक पटकन कळत नाही, पण वजन तारेच्या जाडीच्या वर्गाने वाढतं. त्याच चौकटीची 10 गेज जाळी 12 गेजपेक्षा जवळपास दीडपट भरते. जाळी किलोवर विकत येते आणि ठेकेदार दर फुटावर लावतो. 10 सांगून 12 घातली की लोखंडातला तिसरा हिस्सा वाचतो, तो आपल्या पैशातून.

दुसरा आकडा चौकटीचा: 2×2, 3×3 किंवा 4×4 इंच. 10 गेजची 3×3 आणि 12 गेजची 2×2 या दोन्ही जाळ्यांचं वजन, आणि म्हणून किंमत, जवळपास सारखीच येते. बागेसाठी मी पहिली निवडेन. तार जाड म्हणजे गंजून तुटायला जास्त वर्षं, आणि 3 इंचांतून गुरं-कुत्री काही शिरत नाहीत. कोंबड्या पाळायच्या असतील तर मात्र 2×2. या 10 गेज 3×3 जाळीचं 5 फूट उंच, 50 फूट लांब बंडल 40 किलोच्या आसपास भरायला हवं. माल उतरला की एक बंडल काट्यावर चढवा. गावात काटा नसेल तर रेशन दुकानात असतो.

व्हर्नियर कॅलिपर हे जाडी मोजायचं साधन फार महाग नसतं. ते घ्या. तीन बंडलांची तार तीन-तीन ठिकाणी मोजा. हिरव्या प्लास्टिकच्या लेपाची जाळी घेणार असाल तर आणखी काळजी घ्या, कारण काही जण लेपासकट जाडी सांगतात. टोकाला लेप सोलून आतली तार मोजायची. जस्ताचा थर हलका आणि जाड अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. किनाऱ्याजवळ असाल तर जाड थराची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) जाळीच मागा. चेनलिंक, म्हणजे अशा विणलेल्या जाळीसाठी आयएस 2721 आणि काटेरी तारेसाठी आयएस 278 ही भारतीय मानकं आहेत. बिलावर ती लिहून मागितली की समोरच्याला कळतं, या बाईला विचारल्याशिवाय काही खपणार नाही.

खांबाचे दोन मुख्य पर्याय. सिमेंटचा खांब, साधारण 4×4 इंच जाड, आत चार सळ्या. किंवा लोखंडी अँगल. आम्ही समुद्रापासून जवळ, म्हणून सिमेंटचे घेतले. खांब कारखान्यातून उचलण्याआधी तिथे जाऊन बघा: कडा बोटाने झडतात का, टोकाला चारही सळ्या दिसतात का, आणि ओतून किमान तीन-चार आठवडे झालेत का. कालचे ओतलेले खांब ट्रकमध्येच तडकतात. अँगल घेणार असाल तर 40×40×5 मिलिमीटर मागा. तो मीटरला 3 किलो भरतो, 35×35×5 चा 2.6 किलो. इथेही पावती काट्याचीच हवी.

खांबाची उंची ठरवताना खालून मोजा: 2 फूट जमिनीत, 5 फूट जाळी, वर 1 फुटात काटेरी तारेचे दोन पदर. म्हणजे 8 फुटी खांब. 7 फुटी आणला की तो एक फूट खड्ड्यातूनच कमी होतो, वरून कधीच नाही.

ठेकेदार कसा निवडायचा

आसपास फिरा आणि तीन-चार वर्षं जुनी कुंपणं शोधा. नवं कोरं कुंपण सगळ्यांचं चांगलं दिसतं. मालकाला विचारून कोपऱ्याचा खांब हलवून बघा, आणि मग "हे कुणी केलं?" विचारा. हार्डवेअरचं दुकान आणि जाळी विणणारे कारखानेही नावं देतात, पण दुकानदार ज्याचा माल जास्त जातो त्याचं नाव देतो हे लक्षात ठेवा.

निदान तिघांना जागेवर बोलवा. त्यांच्याशी बोलताना हे विचारा: खड्डा किती खोल? जांभा लागला तर काय करणार? कोपऱ्याला टेकू किती? काँक्रीट भरल्यावर किती दिवसांनी जाळी ओढणार? काम करायला तुम्ही स्वतः की मुकादम, आणि त्याचं नाव काय?

दुसऱ्या वेळी आम्ही ज्याला काम दिलं, त्याचा दर तिघांत मधला होता. जांभ्याबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, ब्रेकर लावावा लागेल, त्याचे वेगळे होतील. पण दोन फुटांपेक्षा कमी खड्ड्यात मी खांब उभा करत नाही." बाकीच्या दोघांनी "ते बघून घेऊ" म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर मी काम दिलं.

वेळेचंही सांगते. कोकणात दसऱ्याच्या सुमारास सगळे भातकापणीत असतात. दिवाळीनंतर माणसं मोकळी होतात आणि जमिनीत अजून ओल असते, तेव्हा खड्डे लवकर होतात. मे महिन्यात जमीन दगड झालेली असते आणि पावसाआधी उरकायच्या घाईत सगळेच असतात. काळ्या मातीच्या भागात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांचा विचार करा. ती माती फुगते, आक्रसते आणि उथळ खांबाला हलवून सोडते. तिथे खड्डा भेगांच्या खाली, पक्क्या थरापर्यंत जायला हवा.

कागदावर काय असावं

"कंपाउंडचं काम, एकूण इतके" अशी चिठ्ठी कामाची नाही. आमच्या कागदावर होतं ते असं:

परीघ 417 फूट, शेवटी पुन्हा मोजून प्रत्यक्ष लांबीवर बिल. जाळी 5 फूट, 10 गेज, 3×3, जाड थराची जीआय. वर काटेरी तारेचे 2 पदर. जाळीतून 3 लाइन वायर (आडव्या आधाराच्या तारा): वर, मध्ये, खाली. खांब सिमेंटचे, 8 फुटी, 8 फुटांवर एक. खड्डा 1×1 फूट, 2 फूट खोल, काँक्रीट 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी). कोपऱ्याला दोन टेकू, सरळ रेषेत दर दहाव्या खांबाला टेकू. फाटकाचे खांब वेगळे आणि जाड. ब्रेकर लागला तर खड्ड्यामागे इतके. जुनं कुंपण काढणं धरून, भंगार मालकाचं.

भंगाराची ओळ जरूर लिहा. जुनी जाळी आणि अँगलचं लोखंड चांगल्या किमतीला जातं, आणि आधी बोलणं झालं नसेल तर ते ट्रकबरोबर निघून जातं. पाणी, वीज, मजुरांची राहण्याची सोय कुणाची हेही ठरवा. मजुरांचा अपघात विमा आहे का ते विचारा. नसेल तर निदान हातमोजे आणि चष्मे देणार का, हे तरी ठरवून घ्या. ताणलेली तार सुटली तर ती चाबकासारखी येते.

जीएसटी धरून दर आहे की वेगळा, ते लिहून घ्या. ठेकेदारीच्या कामावर तो 18 टक्के असतो. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कुणी म्हटलं तर मोह होतो, पण मग खांब पडल्यावर दाखवायला हातात काही राहत नाही. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आयोगापुढे वकील द्यावाच लागतो असं नाही.

पैसे टप्प्याने द्या. आम्ही माल जागेवर उतरून मोजून झाल्यावर 30 टक्के दिले, खांब उभे झाल्यावर 30, जाळी ओढून झाल्यावर 30, आणि उरलेले 10 पहिला पाऊस पडून गेल्यावर. शेवटच्या अटीला बरेच ठेकेदार तयार होत नाहीत. आमचा तयार झाला, कारण काम ठरवतानाच ती अट सांगितली होती.

काम चालू असताना

तीन क्षणी तरी तुम्ही स्वतः तिथे हवं.

पहिला, खड्डे झाल्यावर आणि काँक्रीट भरण्याआधी. हातात दोन फुटांवर खूण केलेली काठी घ्या आणि एकेका खड्ड्यात उभी करत जा. आम्हाला 54 पैकी 7 खड्डे कमी मिळाले, सगळे जांभ्यातले. तिथल्या तिथे ब्रेकर लावून पुरे केले. एकदा काँक्रीट पडलं की हे कळायचा मार्ग उरत नाही.

दुसरा, काँक्रीट होताना. दोन फूट खोल, फूटभर चौरस खड्ड्यातून खांबाची जागा वजा केली की पावणेदोन घनफुटांच्या आसपास काँक्रीट लागतं. 1:2:4 च्या प्रमाणात सिमेंटच्या एका 50 किलोच्या गोणीत साधारण तीन खड्डे भरतात. 54 खड्ड्यांना 18 गोण्या. संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजा. आठच निघाल्या तर खड्ड्यात माती आणि दगड गेलेत. काँक्रीट जमिनीच्या वर दोन-तीन इंच आणून त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यायला सांगा, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, आहे का ते दोन बाजूंनी बघा. आधी कोपऱ्याचे खांब, मग त्यांच्यात दोरी आणि दोरीवर मधले, असा क्रम असतो.

मग सात दिवस पाणी मारायचं आणि जाळीला हात लावायचा नाही. इथेच घाई होते, कारण मजूर रिकामे बसतात. ठेकेदाराला दुसऱ्या जागेचं काम करून या म्हणावं. आमच्या पहिल्या कुंपणाची जाळी दुसऱ्याच दिवशी ओढली होती.

तिसरा, जाळी ओढताना. सगळी ओढ कोपऱ्यावर येते आणि त्याला आत खेचते. म्हणून कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कुंपणाच्या रेषेतच तिरके टेकू लागतात, आणि टेकूच्या पायालाही स्वतःचा खड्डा आणि काँक्रीट. नुसता जमिनीवर टेकवलेला टेकू पहिल्या पावसात घसरतो. चढउतार बदलतो तिथेही असाच टेकू हवा. जाळी ताणायच्या अवजाराने ओढलेली असावी, हाताने नाही. ताणून झाल्यावर दोन खांबांच्या मध्ये हात टेकून दाबा. थोडी मागे जाऊन परत आली पाहिजे. उतारावर जाळीच्या खाली फट राहते, ती त्याच दिवशी दगडांनी भरून घ्या.

काही गोष्टी करू देऊ नका. महावितरणच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला कुंपण बांधायचं नाही, पावसात सगळ्या कुंपणात वीज येऊ शकते. वरून तारा जात असतील तिथे लांब अँगल उभे करून फिरवायचे नाहीत. खांब वाचवायला जिवंत झाडाला खिळे ठोकायचे नाहीत. दोन-तीन वर्षांत झाड तार गिळतं आणि दोघांचं नुकसान होतं. आणि बुडाला नायलॉनची जाळी लावू नका, तिच्यात धामण अडकून मरते. बागेत उंदीर कमी ठेवायचे तर धामण लागते.

काम संपल्यावर

शेवटचा हप्ता सोडून बाकी पैसे देण्याआधी पूर्ण फेरी मारा. टेप लावून परीघ पुन्हा मोजा. बांधणी तारेची टोकं आत वळवलेली आहेत का ते पाहा, नाहीतर हात फाटतात. फाटक उघडून सोडून द्या. ते आपोआप फिरलं तर खांब ओळंब्यात नाही.

आणि तारेचे तुकडे. कापलेल्या तारेचे बोटभर तुकडे गवतात सगळीकडे पडलेले असतात. गाय-म्हैस गवताबरोबर ते गिळते आणि ते पोटात रुततात. आमच्या मुकादमाने स्वतः चुंबक दोरीला बांधून रेषेभर ओढला. दीड डबा निघाला. तुमच्या माणसाकडे चुंबक नसेल तर जुन्या स्पीकरमधला काढून वापरा.

जून लागला की कुंपणाच्या आतल्या बाजूने, फूटभर अंतर सोडून, जिवंत कुंपण लावा. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड, चार फुटी काठ्या पहिल्या पावसात रोवल्या की पटकन फुटतात आणि त्याचा पाला खतालाही होतो. बाहेरच्या बाजूला करवंद किंवा चिल्लार. करवंदाची रोपं पहिली दोन वर्षं काहीच करत नाहीत असं वाटतं, तण काढत राहायचं. आमच्याकडे आता पूर्वेची बाजू जाळी दिसणार नाही इतकी भरली आहे. त्यात बुलबुलांनी घरटं केलंय, आणि मे महिन्यात शेजारच्या भाऊंची नातवंडं त्यांच्या बाजूने करवंदं काढतात.